भिंतीची ओल



संपाच्या सभांत बोलणाऱ्या माणसाने ओलीवर व्याख्यान द्यावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण हा विषय मला कामगारांनीच दिला. रस्त्याच्या पातळीखालच्या एका गोदामात आमचे हमाल काम करीत. दर दिवाळीला मालक भिंतींना कमरेइतका सिमेंटचा गिलावा करी. पुढच्या पावसात ओल त्याच्याही वर दिसे. दम्याने बेजार झालेल्या गड्यांनी तक्रार केली, तर मालक म्हणे, "हवाच दमट, मी काय करू?" मी इंजिनिअर नव्हे. वाचनालयात बसून जे समजले ते सांगतो.

जमीन भरीव नसते. कणाकणांत पोकळ्या असतात. पाऊस थांबला की मोठ्या पोकळ्यांतले पाणी खाली निघून जाते, बारीक पोकळ्यांतले टिकते. या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. टिकलेले पाणी समईच्या वातीतल्या तेलासारखे वरही चढते. १ मिलिमीटर रुंद नळीत ते सुमारे ३ सेंटिमीटर चढते. नळी दहापट बारीक असेल तर ३० सेंटिमीटर. विटांत आणि चुन्यात अशी बारीक छिद्रे असंख्य असतात.

ही झाली एक वाट. दुसरी वाट दाबाची. भिंतीमागची माती पाण्याने पुरती भरली, तर २ मीटर खोलीवर दर चौरस मीटरला पाण्याचाच २००० किलो भार पडतो. मग फटींतून धार लागते.

गिलाव्याने पाणी थांबले नाही. त्याची सुकण्याची जागा तेवढी झाकली गेली. म्हणून ते आणखी वर चढले, आणि सुकताना मागे राहिलेल्या क्षारांनी पोपडे पाडले.

यावरचे तत्त्व शेतकऱ्याला ठाऊक आहे. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे तो म्हणतो. वरची माती मोकळी केली की बारीक नळ्या तुटतात आणि खालची ओल उडून जात नाही. इमारतीच्या जोत्यावर पाणी न शोषणारा थर घालतात, तोही ही चढण तोडण्यासाठीच. दाबासाठी मात्र बाहेरून चर खणून खडी भरावी, तळाशी पाण्याला वाट द्यावी आणि जमिनीचा उतार भिंतीपासून दूर ठेवावा.

आम्ही भिंतीवर पत्र्याचा तुकडा चारी कडांनी चिकटवला. ओल हवेतली असती, तर पत्र्याच्या खोलीकडील बाजूस दव आले असते. दोन दिवसांनी काढून पाहिला, तो भिंतीकडील बाजू ओली! तो पत्रा आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली ओल आणि बुरशी यांचा संबंध दम्याशी जोडला आहे, हेही सांगितले.

अखेर चर खणला गेला. पुढच्या आषाढात धार लागली नाही. खालची ओल मात्र पुरती गेली नाही, कारण त्या जुन्या जोत्यावर थर कधी घातलाच नव्हता. तेव्हा घर बांधताना रंगाची चौकशी मागाहून करा. जोत्यावर काय घातले, हे आधी विचारा.