आकाशगंगेतील रेडिओस्रोत : औष्णिक आणि अनौष्णिक



विषयाचे नाव जड असले तरी त्यातला प्रश्न साधा आहे. कारखान्यातला जुना फिटर यंत्राच्या नुसत्या घरघरीवरून सांगतो, की बेअरिंग तापले आहे की पट्टा सैल झाला आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींच्या बाबतीत ज्योतिर्विदांना हेच ओळखावे लागते. त्यांना यंत्राला हात मात्र लावता येत नाही.

या लहरींचा शोध नोकरीच्या कामातून लागला. अमेरिकेत बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की नावाचा तरुण इंजिनिअर होता. अटलांटिकपलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कोठून येते, हे शोधण्याचे काम त्याला नेमून दिले होते. विजांच्या कडकडाटाखेरीज एक मंद, सततची सळसळ त्याला मिळाली. ती रोज चार मिनिटे आधी शिगेला पोचे. तारे रोज चार मिनिटे आधी उगवतात. तेव्हा ही सळसळ पृथ्वीवरची नव्हे, सूर्याचीही नव्हे. 1933 मध्ये त्याने जाहीर केले, की ती आकाशगंगेतून येते आणि धनू राशीच्या बाजूला सर्वांत जोरदार आहे.

पुढचे पाऊल ग्रोट रेबरने टाकले. हा दिवसा नोकरी करणारा रेडिओ-इंजिनिअर. 1937 मध्ये त्याने इलिनॉयमधल्या आपल्या घराच्या परसात, स्वतःच्या पैशाने, 31 फूट व्यासाची तबकडी उभारली. त्याचा तर्क असा, की तापलेल्या वस्तूच्या लहरी आखूड तरंगलांबीला जास्त जोरदार असतात; म्हणून त्याने 9 सेंटिमीटरवर शोध घेतला. काही मिळाले नाही. 33 सेंटिमीटरवरही नाही. शेवटी सुमारे 1.9 मीटरवर आकाशगंगा सापडली. आखूड लहरींवर काही नाही आणि लांब लहरींवर भरपूर, हे नुसत्या उष्णतेचे लक्षण नव्हे.

मग कशाचे? आधी उष्णतेचे पाहू. मृग नक्षत्रातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे 1,300 प्रकाशवर्षे दूर आहे. तेथे नवे तारे जन्मत आहेत. त्यांच्या प्रखर प्रकाशाने भोवतालच्या वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि वायू सुमारे 10,000 अंश तापतो. पाळी सुटताना गिरणीच्या दरवाजात माणसे एकमेकांना चुकवीत वाकडी होतात, तसे हे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांजवळून जाताना वळतात, आणि प्रत्येक वळणाला रेडिओलहरी सुटतात. हा औष्णिक स्रोत.

दुसरा प्रकार वृषभ राशीत पाहावा. तेथे 1054 साली एक तारा फुटला. चिनी निरीक्षकांनी त्याची नोंद ठेवली आहे. त्याचे अवशेष म्हणजे क्रॅब तेजोमेघ. येथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्राभोवती मळसूत्रासारखे फिरतात आणि फिरता फिरता लहरी सोडतात. 1953 मध्ये रशियन शास्त्रज्ञ श्क्लोव्स्की याने क्रॅबच्या प्रकाशाचाही असाच उलगडा केला. हा अनौष्णिक स्रोत. याचे सामर्थ्य किती? शर्मिष्ठेतला असाच एक अवशेष 11,000 प्रकाशवर्षांवर असूनही कित्येक मीटर लांबीच्या लहरींत शांत सूर्यापेक्षा प्रखर दिसतो!

ओळखण्याची रीत अशी. एकच स्रोत अनेक तरंगलांबींवर मोजायचा. तरंगलांबी वाढेल तसा जोर वाढत गेला, तर तो अनौष्णिक. जोर बराचसा सारखा राहून पुढे फार लांब लहरींवर घसरला, तर औष्णिक. कारण अशा लहरींना तो वायू स्वतःच अपारदर्शक होतो. शिवाय अनौष्णिक लहरींची कंपने बहुधा काही अंशी एकाच दिशेत असतात, औष्णिकांची तशी नसतात. एका मोजणीवरून निकाल देऊ नये. दोन साक्षी जुळल्यावर द्यावा.

गंमत अशी, की दोन्ही प्रकार कधी एकमेकांसमोर येतात. आकाशगंगेच्या केंद्राजवळ एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषापुढे तप्त वायू आहे. लांब लहरींत तो वायू मागचा उजेड अडवतो आणि सावलीसारखा दिसतो. कोण पुढे, कोण मागे, हे त्या सावलीवरून कळते.

अशा लांब लहरींची मोठी दुर्बीण आपल्या नारायणगावजवळ, खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना मांडली. 1965 मध्ये कल्याणला 32 लहान तबकड्या बसवून त्यांनी सूर्याचे निरीक्षण सुरू केले होते. खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या मिळून एका प्रचंड दुर्बिणीचे काम करतात. परंतु मोबाइलचे मनोरे, विजेची यंत्रे, रेल्वेच्या तारांतल्या ठिणग्या यांच्या गोंगाटात आकाशातला क्षीण संदेश बुडून जातो. पुणे–नाशिक रेल्वेच्या नियोजित मार्गावरून याच कारणाने वाद झाला.

मी आयुष्यभर कामगारांच्या पोटाची बाजू मांडत आलो. तेव्हा मला कोणी विचारील, की तुम्ही रोजगाराच्या बाजूचे की दुर्बिणीच्या? माझे उत्तर असे, की ही लढाईच खोटी आहे. रेल्वे पाहिजेच, पण तिचा मार्ग वळवता येतो, कारखान्याला दुसरी जागा देता येते. एवढी मोठी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. आणि ती आपली कोणीच नाही असेही नव्हे. लोहाराच्या हातोड्यातले लोखंड अशाच फुटलेल्या ताऱ्यांत तयार झाले. आपल्या हत्याराचे मूळ शोधणाऱ्या त्या जागेला थोडी शांतता देणे, हे कामगारांनीही आपले कर्तव्य मानावे.