काजव्याचा दिवा, मोटारीचा दिवा
(भंडारदऱ्याच्या रानातील एका गावी केलेले भाषण)



वळीव पडला, की आपल्या रानात काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ ही झाडे रात्री लखलखतात. ते पाहायला मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. आपल्या पोरांना चार पैसे मिळतात. चांगलेच आहे.

पण काजवा दिवा का लावतो? आपल्या करमणुकीसाठी नव्हे! नर उडता उडता दिवा चमकवतो. मादी झुडपात बसून दिव्यानेच उत्तर देते. अशी त्यांची जोडी जमते. मोठा काजवा थोडेच दिवस जगतो. तेवढ्यात मोटारीचा झोत पडला तर? खूण दिसत नाही. जोडी जमत नाही. मग अंडी कुठली आणि पुढच्या साली काजवे कुठले?

काजव्याची अळी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात वाढते. गोगलगायी खाते. रस्त्याकडेची झाडे तोडली, पाला जाळला, की माती सुकते. अळी मरते. तिच्याबरोबर पाल्यातले इतर किडेही जातात. किडे गेले, की पाखरांनी खावे काय?

मग रस्ता नको का? हवा तर! बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, तर रस्ता हवाच. एस. टी. हवीच. पण काजवे पाहायला आलेली मोटार गावातच थांबवा. पाहुण्यांना पायी न्या. बॅटरी विझवायला सांगा. पाऊलवाट सोडू देऊ नका. गवतात माद्या बसलेल्या असतात.

घटकाभर अंधार ठेवा, मंडळी. काजव्यांना तेवढेच हवे आहे.