जुनी मोटारसायकल : घेणें आणि राखणें



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांस नवल वाटलें असेल. जुन्या मोटारसायकलीविषयीं जाहीरपणें बोलण्यासारखें असें काय आहे? परंतु महिन्याच्या मिळकतींतून चार पैसे बाजूस टाकीत, वर्षा-दोन वर्षांनीं ज्यांच्या दारांत एक जुनी गाडी येऊन उभी राहते, त्या कुटुंबांस हा विषय किरकोळ नव्हे. कळव्यासारख्या ठिकाणीं तर मुळींच नव्हे. एका अंगास ठाण्याची खाडी व दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर, यांच्यामध्यें दाटीनें वसलेल्या ह्या वस्तींत सकाळीं ठाण्याकडे जाणारी लोकल येते ती अगोदरच भरून येते. ज्याचें काम ठाणें-बेलापूर रस्त्यावरील एखाद्या कारखान्यांत पाळीचें आहे, त्यास मध्यरात्रीं घरीं परततांना वाहन मिळेलच असा भरंवसा नसतो. असा मनुष्य नवी गाडी परवडत नाहीं म्हणून जुनी पाहूं लागतो; आणि त्याचे पैसे वाचतात कीं बुडतात, तें बहुधा पहिल्या अर्ध्या तासांतच ठरतें.

माझें मत मी प्रारंभींच सांगून टाकतों. इंजिन बिघडलें तर तें दुरुस्त होतें. पिस्टन बदलतां येतो, क्लच प्लेटा मिळतात, आणि गॅरेजवाले ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात तें काम झालें कीं थकलेली गाडीही पुन्हां उमेदीनें चालूं लागते. पण दोन गोष्टी मिस्त्रीच्या हातच्या नाहींत. एक, कागदावरचें नांव. आणि दुसरी, गंजानें खाल्लेली किंवा अपघातांत वाकलेली चेसिस. गिऱ्हाईक मात्र नेमकें उलट करतें. तें आधीं रंग पाहतें, मग आवाज ऐकतें, विकणारा “काका, गाडी एकदम मक्खन आहे” म्हणाला कीं मान डोलवितें, आणि कागद शेवटीं घडी करून खिशांत घालतें.

तेव्हां कागदांपासूनच सुरुवात करूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ज्याच्या नांवें गाडीची नोंद आहे तोच तिचा मालक. पैसे कोणीं मोजले आणि किल्ली कोणाच्या खिशांत आहे, याला कायदा विचारीत नाहीं. विक्री एकाच राज्यांत झाली असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत व घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत ती परिवहन कार्यालयास कळवावयाची असते. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म आहेत. बाजारांतली रीत मात्र वेगळी. मूळ मालकाच्या सह्या कोऱ्या फॉर्मांवर घेऊन ठेवतात आणि त्या फॉर्मांसकट गाडी या हातांतून त्या हातांत फिरत राहते. अशा गाडीचा तिसरा किंवा चौथा घेणारा जेव्हां नांव बदलावयास निघतो, तेव्हां मूळ मालक घर बदलून गेलेला असतो, कधीं निवर्तलेलाही असतो. मग वारसांचे उंबरे झिजविणें नशिबीं येतें.

ह्यांत धोका घेणाऱ्यालाच आहे असें समजूं नये. सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं एका प्रकरणाचा निकाल दिला. त्यांतील मालकानें आपली मोटार २००७ मध्यें विकून टाकली होती. पुढें ती हातोहात विकली जात राहिली, पण पुस्तकावर नांव त्याचेंच राहिलें. २००९ मध्यें त्या मोटारीनें अपघात केला व त्यांत एकाचा जीव गेला. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयानें नोंदींतल्या त्या पहिल्या मालकावरच ठेवली. गाडी मोटार होती, मोटारसायकल नव्हती. परंतु नियम दोहोंस एकच. म्हणून आपली जुनी गाडी विकून मोकळा होऊं पाहणाऱ्यानेंही नांव बदलल्याची खात्री झाल्यावांचून स्वस्थ बसूं नये.

पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचें पत्र व ३५ क्रमांकाचा फॉर्म मागून घ्यावा. थकलेले चलन, विमा, आणि नोंदणीची मुदत पहावी. नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते; पुढें गाडी तपासून घेऊन ५-५ वर्षांनीं ती वाढवावी लागते, व त्या वेळीं पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरणाचें शुल्क दुचाकीस एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १००० झालें, आणि २० वर्षांवरील गाडीस २०२५ मध्यें तें आणखी वाढलें. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त कां मिळते याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें.

आतां प्रत्यक्ष गाडी. तिचा चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मानेपाशीं कोरलेला असतो. तो पुस्तकाशीं एकेक अक्षर जुळवून पहावा. तेथें घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्या तर किंमत कितीही उतरो, नमस्कार करून निघावें. मग सीट काढावयास सांगावें. खाडीकांठची हवा खारट. तिचा गंज वरून दिसत नाहीं. बॅटरीच्या खालचा पत्रा, स्टँडचा जोड, मागच्या चाकाचा फाटा व सायलेन्सरचें बूड, ह्या जागीं पेंचकसाच्या मुठीनें ठोकून पहावें. शाबूत लोखंड खणखणतें, गंजलेलें बद्द वाजतें. टाकींत विजेरीनें डोकावावें. दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत, हें एका लांब दोऱ्यानें कळतें. आणि टायर एकाच बाजूनें झिजलें असेल तर फोर्क अथवा चेसिस वाकल्याचा संशय धरावा.

इंजिन थंड असतांनाच चालूं करून दाखवावयास सांगावें. आपण पोंचण्यापूर्वींच तें तापवून ठेवलें असेल तर त्याला हात लावतांच कळतें. मग चहा घेऊन तासाभरानें पुन्हां यावें. फोर-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरांतून निळसर धूर येत राहिला तर ती ऑइल जाळते. मीटरच्या आंकड्यावर मात्र माझा विश्वास नाहीं. त्यापेक्षां पावठाणाचें रबर व ब्रेकचें पायतण पहावें. मीटर वीस हजार सांगतें आणि रबर गुळगुळीत झालें आहे, तर खरें कोण बोलतें हें उघड आहे.

येथें हौशी मंडळींस दोन शब्द. येझदी बनविणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ मध्यें बंद पडला, आणि त्याच सालीं यामाहाच्या आर. एक्स. १०० चें उत्पादनही थांबलें. ह्या गाड्यांची आजची किंमत त्यांच्या उपयोगाची नसून लोकांच्या आठवणींची आहे. ज्यास रविवारीं गाडी पुसण्यांत आनंद आहे त्यानें त्या अवश्य घ्याव्या. ज्यास सोमवारीं पाळीवर हजर व्हावयाचें आहे त्यानें १९९४ मध्यें आलेल्या स्प्लेंडरच्या जातीची साधी शंभर सी. सी. गाडी पहावी. तिचे भाग कोपऱ्यावरच्या दुकानींही मिळतात आणि ती उघडलेली नाहीं असा मिस्त्री सांपडणें कठीण.

गाडी घेतल्यानंतरची निगा म्हणजे कळव्यांत मुख्यतः पावसाची निगा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालीं पाणी सांचतें हें येथल्या मुलासही ठाऊक आहे. त्या पाण्यांत गाडी बंद पडली तर पुन्हां पुन्हां किक मारूं नये. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. इंजिनांत पाणी शिरलेलें असतां जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभर रुपयांचें काम हजारांवर जातें. गाडी ढकलीत बाहेर आणावी, प्लग काढावा, ऑइल पहावें. तें दुधासारखें पांढुरकें झालें असेल तर बदलल्यावांचून गाडी चालवूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मुंबई-ठाण्याकडील असंख्य वाहनें पाण्याखालीं गेलीं. अशा पुरानंतर बुडलेल्या गाड्या धुवून-पुसून बाजारांत येतात. हेडलाइटच्या आंत चिखलाची पुसट रेघ, सीटखालच्या तारांच्या टोकांस हिरवट बुरशी, एअर फिल्टरच्या पेटींत गाळ, ह्या तिच्या खुणा.

दर दोन-तीन हजार किलोमीटरांस ऑइल बदलावें. एक लिटरच्या आंतबाहेरचा हा खर्च टाळून कोणीही श्रीमंत झालेलें नाहीं. पावसाळ्यांत चेन आठवड्यास पुसून तिला तेल द्यावें आणि ती बोटभर हलेल इतकी ढिली ठेवावी. फार ताणलेली चेन बेअरिंगें खाते. हल्लीं पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी ओढून घेतें, व जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचीं रबरें त्याच्या हिशेबानें घडविलेलीं नाहींत. म्हणून पेट्रोलची नळी वर्षास बदलावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करावा.

आणि एक लहानशी गोष्ट. रात्रीं भिजून आलेल्या गाडीवर पुष्कळजण लगेच प्लॅस्टिकचें आवरण घालतात. त्याखालीं ओल कोंडते आणि सकाळपर्यंत गंज आपलें काम करीत राहतो. जिन्याखालीं आडोसा असेल तर गाडी तशीच उघडी राहूं द्यावी. नसेल तर जुनी सुती चादर बरी, पण गाडी आधीं कोरड्या फडक्यानें पुसून.