घाट उतरताना

आम्हां नागपूरकरांना घाटाची सवय नाही. मी राहतो त्या मनीषनगरात चढ म्हणावा तर उड्डाणपुलाचा, आणि तोही दोन मिनिटांत सरतो. त्यामुळे चिखलदऱ्याला पहिल्यांदा स्वतः गाडी चालवीत गेलो, तेव्हा चढताना छाती धडधडत होती. उतरताना मात्र मी अगदी निर्धास्त होतो. चढणे कठीण आणि उतरणे सोपे, हा आपला सर्वांचाच समज. परतवाड्याच्या दिशेने अर्धा घाट उतरलो असेन, तोच मागे बसलेल्या मुलीने विचारले, "बाबा, काय जळतंय?" जळत होते ते आमच्याच गाडीचे ब्रेक. पायाखालचा पेडल मऊ लागत होता. पेट्रोल वाचावे म्हणून मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली होती आणि सारा उतार पाय ब्रेकवर ठेवूनच चाललो होतो. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. त्या दिवशी ते घरीच राहिले होते.

परत आल्यावर भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. शिक्षकबंधूंनी तो वर्गात जरूर मांडावा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांच्या आसपास आहे. परतवाडा त्याच्या सुमारे सातशे मीटर खाली. माणसांसह बाराशे किलोची मोटार सातशे मीटर खाली येते, तेव्हा सुमारे ८२ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. पंचवीस लिटर गार पाण्याला आधण यावे, एवढी ती उष्णता! थोडी वाऱ्यावर जाते, थोडी टायरांत मुरते. बाकीची सगळी चार चाकांजवळच्या तळहाताएवढ्या घर्षणपट्ट्यांवर टाकली, तर त्या तापणार नाहीत तर काय होईल? विहिरीत बादली सोडताना दोर मुठीतून सरसर जाऊ दिला की हात कसा पोळतो, हे आपल्याला ठाऊकच आहे.

पट्ट्या फार तापल्या की त्यांची पकड सुटू लागते. पण त्याहून मोठा धोका ब्रेकच्या तेलात असतो. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्या तेलाची हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली की दबते, तेल दबत नाही. म्हणून पेडल थेट तळाला जातो आणि गाडी काही थांबत नाही. हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात ते यासाठी. खर्च फार नाही, पण डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते राहून जाते.

मग उपाय कोणता? तो आपल्या बैलगाडीवाल्याला पूर्वीपासून माहीत आहे. उतारावर बैल पाय रोवून गाडी अंगावर तोलून धरतात. मोटारीत हे काम इंजिन करते, मात्र त्यासाठी गिअर हवा. न्यूट्रल करणे म्हणजे भर उतारावर बैल सोडून देणे! ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि तो उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा. गाडी आपोआप गिअर बदलणारी असली, तरी खालचा गिअर धरून ठेवायची सोय तिच्यात बहुधा असते. वेग वाढू लागला की ब्रेक घट्ट दाबून वेग पुरेसा उतरवावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा, म्हणजे पट्ट्यांना वारा लागतो. नुसता पाय टेकवून ठेवणे सर्वांत वाईट. किल्ली फिरवून इंजिन तर कधीच बंद करू नये. ब्रेकला आणि सुकाणूला मिळणारी मदतही त्याबरोबर जाते.

आणि ज्या पेट्रोलसाठी मी हे धाडस केले, तेही वाचत नाही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना चाकेच इंजिन फिरवतात, म्हणून इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. पण हा गैरसमज फार खोल रुतलेला आहे. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाच्या अपघातात अनेक गाड्यांचे नुकसान झाले. त्या उतारावर अवजड वाहने न्यूट्रलमध्ये सोडली जातात, ही तक्रार जुनी आहे. रेल्वे इतका विश्वास कुणावरच टाकत नाही. बोरघाटात १ ला ३७ असा उतार आहे. तिथे उतरणारी गाडी वाटेत मुद्दाम थांबवतात आणि ब्रेक ठीक आहेत याची खात्री झाल्यावरच पुढे सोडतात.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागला, तर पुढच्या वळणाची वाट पाहू नये. रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्यावी, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास थांबावे. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये, लोखंड तडकण्याची भीती असते. आम्ही तसेच थांबलो. मुलीने तेवढ्यात सगळे शेंगदाणे संपवले. ब्रेक मुळीच लागेनासा झाला, तर पेडल भरभर दाबत राहावे, एकेक गिअर खाली आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा, आणि दरीकडे न जाता डोंगराच्या अंगाला गाडी घासू द्यावी. पत्रा जाईल, जाऊ द्या.

थंडीत शाळांच्या सहली निघतील. सहलीची गाडी ठरवताना गुरुजींनी भाड्याबरोबर दोन प्रश्न विचारावेत: ब्रेकचे काम शेवटचे कधी केले, आणि घाट कोणत्या गिअरमध्ये उतरता? दुसऱ्या प्रश्नाला चालक हसला आणि "उतारावर गिअर कशाला, गुरुजी?" म्हणाला, तर दुसरी गाडी पाहावी.