मजुरीचा दर बोलायला बंदी?



दिवाळी सरली की वांगणीसारख्या जव्हार-मोखाड्याच्या गावपाड्यांवरून माणसं वीटभट्ट्यांवर निघतात. कुणी भिवंडीला, कुणी वसईला, कुणी वाड्याकडे. बयाणा आधीच घेतलेला असतो, बहुतेकदा संपलेलाही. मजुरी ठरते हजार विटांमागे, तीही नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशोब होतो पावसाच्या तोंडावर, शेठच्या वहीतून.

बयाणा देताना एखादा शेठ हळूच म्हणतो, "तुला दर जास्त लावलाय, कुणाला बोलू नको." शेजारच्या झोपडीतही तो हेच सांगून आलेला असतो. असं तोंड बंद करायचा त्याला अधिकार आहे का?

मुळीच नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती मालकालाच सांगते, मजुरीचे दर कामाच्या जागी फलकावर लाव, वेतनचिठ्ठी दे. फलकावर लावायचा दर गुपित कसला? शहरातल्या काही कंपन्या नेमणूकपत्रात पगार गुप्त ठेवायचं कलम घालतात. पगाराबद्दल आपसात बोलायच्या कामगारांच्या हक्काला संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १९३५ पासून आहे, आपल्याकडे तसा थेट कायदा नाही; तो व्हायला हवा. भट्टीवर मात्र लेखी काहीच नसतं. असतो तो बयाण्याचा धाक.

बयाण्यापायी किमान वेतनाहून कमी दरात राबवणं, काम सोडू न देणं, हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. पण आपल्याला कमी मिळतंय हे कळायला दुसऱ्याचा दर कानावर पडावा लागतो. १९४५ साली किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने याच जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी गवतकापणीला एकच भाव मागितला, पाचशे पौंडांना अडीच रुपये. सगळ्यांनी एक भाव धरायचा तर आधी तो चारचौघांत बोलावाच लागतो.

शिमग्याला सगळे घरी येतील. तेव्हा एकमेकांना विचारा, हजाराला किती, बयाणा किती, विटा किती थापल्या. शाळेत जाणाऱ्या पोराकडून वहीत लिहून घ्या. हिशोबात फसवणूक दिसली, भट्टी सोडू देत नसतील, तर जव्हारच्या प्रांत कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.