ली मिनवेई : बायकोची भूमिका करणारा स्टुडिओ-संस्थापक

(गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, हे आपल्याला ठाऊक आहे. साल १९१३. त्याच सुमारास हाँगकाँगमध्ये ली मिनवेई नावाचा विशीतला तरुण बाईचा वेश चढवून कॅमेऱ्यासमोर उभा होता.

ली यांचा जन्म १८९३ चा, जपानमधल्या योकोहामाचा, वाढले हाँगकाँगमध्ये. नाटकाचे वेड होतेच, शिवाय सुन यत्-सेन यांच्या क्रांतिकारी संघटनेत नाव. त्यांचा पहिला चित्रपट छोटासाच. तत्त्वज्ञ च्वांगझी मेल्याचे सोंग घेऊन बायकोची निष्ठा तपासतो, अशी गोष्ट. च्वांगझी झाले थोरले बंधू, बायको झाले स्वतः ली. दासीचे काम मात्र त्यांच्या पत्नी यान शानशान यांनी केले, आणि चिनी पडद्यावरची पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव लागले. आपल्याकडे हा मान ‘मोहिनी भस्मासुर’मधल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांचा. ली यांनी मोठी भूमिका स्वतःकडे ठेवून बायकोला दासी केले, याची नोंद इथल्या भगिनींनी घ्यावी!

१९२३ साली भावांच्या साथीने त्यांनी ‘मिनशिन’ कंपनी काढली. हाँगकाँगच्या इंग्रज सरकारने स्टुडिओला परवानगी नाकारली, तेव्हा हे ग्वांगझाउला, म्हणजे जुन्या कँटनला जाऊन चित्रीकरण करू लागले. त्यातून १९२५ चा ‘यान्झी’ हा हाँगकाँगचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट आला. नायिका होत्या त्यांच्या दुसऱ्या पत्नी लिन चूचू. पुढे संपाने हाँगकाँग ठप्प झाले, तसा कंपनीचा मुक्काम शांघायला हलला. १९३० मध्ये लुओ मिंगयू यांच्याबरोबर ‘लिएनहुआ’ उभी राहिली. रुआन लिंगयूचे गाजलेले मूकपट तिथलेच.

पण माझ्या मते ली यांचे खरे मोल वेगळ्या कामात आहे. ग्वांगझाउमध्ये जानेवारी १९२४ ला क्वोमिंतांगचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा ते कॅमेरा घेऊन सुन यांच्या मागे होते. तिकीटबारीवर यातून काय मिळणार? चित्रपटाने देश वाचवायचा, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे १९४१ मध्ये त्यांनी या फितींतून एक माहितीपट जुळवला. त्याच डिसेंबरात जपान्यांनी हाँगकाँग घेतले आणि ली यांना कुटुंबासह शहर सोडावे लागले. युद्धानंतर ते परतले. १९५३ मध्ये हाँगकाँगलाच वारले.

त्यांचा तो पहिला छोटा चित्रपट आज उपलब्ध नाही. सुन यत्-सेन मात्र पडद्यावर हिंडता-फिरताना दिसतात, ते बरेचसे ली यांच्या कॅमेऱ्यामुळे.