प्रेमकथेची पारख

(मानवत येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळा-कॉलेजातल्या आपल्या मुली ज्या प्रेमकथा जीव लावून वाचतात, मोबाइलवर पाहतात, त्यांच्याविषयी आज मी बोलणार आहे. त्यातही मुख्यतः शोजो मांगाविषयी, म्हणजे मुलींसाठी लिहिल्या आणि काढल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथांविषयी. पुढे बसलेल्या मुलींना हे नाव पाठ आहे. मागे बसलेल्या त्यांच्या आईवडिलांपैकी अनेकांना ते आजच कळत असेल.

या कथांबद्दल घराघरांत दोन प्रश्न विचारले जातात. आईवडील विचारतात, ‘हे वाचू द्यावं का?’ आणि मुली एकमेकींना विचारतात, ‘शेवटी ते दोघं एकत्र येतात का?’ पहिल्या प्रश्नात कथा न वाचताच निकाल लागतो, दुसऱ्यात फक्त शेवटच्या पानावरून. आपल्या मोंढ्यात कापूस घेणारा माणूस गाडीचा वरचा थर पाहून भाव ठरवत नाही. तो आत हात घालतो, रुई चिमटीत धरून ओढतो आणि धागा किती लांब निघतो ते पाहतो. प्रेमकथेतही असाच आत हात घालावा लागतो. मी स्वतः प्रत्येक प्रेमकथेला एकच गोष्ट विचारते: या प्रेमामुळे त्या मुलीचं जग मोठं झालं की आक्रसलं? आणि जे झालं ते मला घडताना दिसलं, की लेखकाने नुसतं सांगितलं?

आधी थोडा इतिहास. ओसामू तेझुका यांनी 1953 साली मुलींच्या मासिकात एका राजकन्येची कथा सुरू केली. ही राजकन्या राजपुत्राच्या वेशात वावरते, तलवार चालवते. मुलींसाठी सलग, लांबलचक चित्रकथा लिहिता येते हे त्या कथेने दाखवलं. पण त्या काळात मुलींच्या कथाही बऱ्याचशा पुरुषच लिहीत. 1970च्या दशकात चित्र पालटलं. 1949च्या आसपास जन्मलेल्या मोतो हागिओ, केइको ताकेमिया अशा तरुण लेखिका पुढे आल्या. रियोको इकेदा यांनी 1972-73मध्ये ‘व्हर्सायचा गुलाब’ लिहिली. तिच्यात मुलगा म्हणून वाढवलेली ऑस्कर फ्रान्सच्या राणीच्या रक्षकदलात अधिकारी होते आणि क्रांतीच्या दिवसांत लोकांच्या बाजूने उभी राहते. मुलींच्या चित्रकथेत राजकारण, भूक आणि मरण आलं, आणि प्रेम त्या सगळ्याच्या मधोमध उभं राहिलं.

या लेखिकांनी पानाची रचनाही बदलली. चौकटींच्या भिंती मोडल्या. मनातलं बोलणं संवादाच्या फुग्यातून बाहेर काढलं आणि ते पानावर मोकळं सोडलं. मोठे डोळे, चेहऱ्यामागे उमललेली फुलं, मध्येच कोरी सोडलेली जागा, हे पाहून पुष्कळ लोक हसतात. पण या साऱ्याचं काम एकच आहे, मुलीच्या मनात काय चाललंय ते वाचकाला दाखवणं. तिथे बाहेर काहीच घडत नसतं, तरी दोन-दोन पानं भरून मन चाललेलं असतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. ती सगळी कथा यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगते. यमूचा नवरा रघुनाथराव तिला वाचायला उत्तेजन देतो, मुंबईत दोघांचा संसार थाटतो, आणि त्या थोड्या दिवसांत यमू केवढी वाढते! तिची मैत्रीण दुर्गी हिचा संसार तिच्या शेजारीच उभा आहे, छळाचा. एका प्रेमाने मुलगी फुलते, एका लग्नाने मुलगी चिरडली जाते, हे हरिभाऊंनी दोन मैत्रिणींना शेजारीशेजारी ठेवून दाखवलं. पुढे 1933 साली ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं तेव्हा केवढं वादळ उठलं! अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातली ओढ कुणी बाईने लिहावी हेच लोकांना सोसेना. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर आहेत हे कळायला पुढे बराच काळ गेला. मुलीच्या मनाला पानावर जागा मिळावी म्हणून आपल्याकडेही झगडा झालेला आहे. त्यामुळे जपानी चित्रकथेची पारख आपण पाहुण्यासारखी लांबून करू नये, घरच्या माणसाच्या अधिकाराने करावी.

आता पारख करू या. कारुहो शीना यांची ‘किमी नि तोदोके’ ही कथा 2005 ते 2017 अशी बारा वर्षं चालली, तिचे 30 खंड झाले. नायिका सावाको. लांब काळे केस, अबोल स्वभाव, हसायला गेली तर भयानक दिसते. वर्गातली मुलं तिला एका भुताच्या सिनेमातल्या पात्राच्या नावाने हाक मारतात. काझेहाया हा सगळ्यांचा लाडका मुलगा तिच्याशी सहज, माणसासारखा बोलतो. इथून प्रेमकथा सुरू होणार हे कुणीही सांगेल.

पण लेखिका काय करते पाहा. काझेहाया आणि सावाको यांचं जुळण्याच्या कितीतरी आधी ती सावाकोला दोन मैत्रिणी देते, चिझुरू आणि आयाने. या दोघींबद्दल शाळेत घाणेरड्या अफवा उठतात आणि त्या सावाकोनेच पसरवल्या असंही कुणी म्हणतं. आपल्यामुळे त्यांची बदनामी होते म्हणून सावाको त्यांच्यापासून दूर राहू लागते. मग एक दिवस शाळेच्या स्वच्छतागृहात काही मुली त्या दोघींबद्दल वाईट बोलत असताना तिच्या कानावर पडतं. आयुष्यभर खाली मान घालून वावरलेली ही मुलगी त्या टोळक्यासमोर उभी राहते आणि शब्द मागे घ्यायला सांगते. हात थरथरत असतात, पण हटत नाही. काझेहाया तिथे नाही. कुणी वाचवायला येईल अशी अपेक्षाही नाही. मैत्रिणी येतात त्या नंतर, आणि मग आपण तिघी मैत्रिणी आहोत हे पहिल्यांदा मोकळेपणी बोललं जातं. माझ्या मते त्या सगळ्या खंडांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे. पुढे ती काझेहायासमोर मन मोकळं करते ते याच ताकदीवर. शेवटी शिक्षिका व्हायचं ठरवून ती अभ्यासाला लागते तेही याच ताकदीवर. प्रेम तिच्या आयुष्यात आलं तेव्हा आयुष्य रिकामं नव्हतं.

याच कथेत दोषही आहे, तो लपवू नये. मासिकांतून क्रमशः चालणाऱ्या कथेवर एक दडपण असतं. जपानी मासिकांत वाचकांची मतं पत्रांतून मागवली जातात आणि लोकप्रिय कथा लांबवली जाते. मग दोघांचं जुळायचं ते गैरसमजांनी अडवून धरलं जातं. सावाको आणि काझेहाया एकमेकांचं अर्धंच वाक्य ऐकून खंड-खंड झुरत राहतात. आपल्या दूरदर्शन मालिका पाहणाऱ्या आयाबायांना ही युक्ती मी समजावून सांगायची गरज नाही. लांबण आणि वाढ यांतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. गैरसमज मिटल्यावर पात्राला स्वतःबद्दल काही नवं कळलं का ते पाहा. कळलं असेल तर तो ताण कथेचा होता. नसेल तर तो मासिकाचा होता.

दुसरी कथा योको कामिओ यांची ‘हाना योरी दांगो’. ती 1992 साली सुरू झाली, आणि 2009च्या कोरियन मालिकेमुळे आपल्याकडच्याही अनेक मुलींना ओळखीची आहे. श्रीमंतांच्या शाळेत शिकणारी गरीब घरची त्सुकुशी आणि शाळेवर दहशत असलेला धनाढ्य घरचा दोम्योजी. तो लाल चिठ्ठी पाठवून तिच्यामागे सगळी शाळा लावतो. ती मात्र वाकत नाही, उलट त्यालाच भिडते. त्सुकुशीचं हे पात्र मला फार आवडतं. पैशापुढे न झुकणाऱ्या, आईवडिलांच्या कर्जाची लाज वाटूनही त्यांना न सोडणाऱ्या मुली साहित्यात आणखी हव्या आहेत.

पण त्याच कथेत दोम्योजी तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. ती रडायला लागल्यावर थांबतो. आणि पुढे हळूहळू वाचकाला पटवलं जातं की हा राग, हा हट्ट, ही मारझोड म्हणजे त्याच्या प्रेमाचीच रीत आहे. मुलींनो, इथे थांबा. दोम्योजी बदलतो हे खरं आहे, कथा त्याचं बदलणं प्रामाणिकपणे लिहिते. पण त्याला माणसात आणायचं काम कोणाच्या वाट्याला आलं? त्सुकुशीच्या. मार तिने खाल्ला, क्षमा तिने केली, वाट तिने पाहिली. नायकाच्या सुधारण्याची किंमत जिथे नायिकेच्या अंगावरून वसूल होते, तिथे त्या प्रेमकथेचे गुण मी कमी करते, कथा कितीही रंगलेली असो. वाचू नका असं मी म्हणत नाही. वाचताना हा हिशेब मांडा, एवढंच म्हणते. कारण रस्त्यात अडवणाऱ्या, नकार न ऐकणाऱ्या पोराला ‘खरं प्रेम आहे त्याचं’ म्हणणारी माणसं आपल्या अवतीभवतीही आहेत.

तिसरी कथा नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रूट्स बास्केट’, 1998 ते 2006, 23 खंड. तोहरू ही आई गमावलेली मुलगी. सुरुवातीला ती तंबूत राहत असते आणि पुढे सोमा नावाच्या घराण्यात येते. या घराण्यावर शाप आहे, त्यातल्या काहींना विरुद्ध लिंगाच्या परक्या माणसाने मिठी मारली की ते प्राणी होतात. क्यो हा मांजर होणारा मुलगा. मनगटावरची मण्यांची माळ निघाली की त्याचं एक विद्रूप, दुर्गंधीचं रूप उघडं पडतं. तोहरू ते पाहते आणि पावसात त्याच्यामागे धावते. बहुतेक लेखकांनी इथे तिच्याकडून आपल्याला भीती वाटत नाही असं वदवून घेतलं असतं. ताकाया तसं करत नाहीत. तोहरूला भीती वाटते, किळस येते, आणि ती ते क्योसमोर कबूल करते. घाबरूनही तिला त्याच्यासोबत राहायचं असतं. प्रेमाची एवढी खरी व्याख्या मला मोठ्यांच्या कादंबऱ्यांतही क्वचित सापडली आहे.

या कथेचं मोठेपण आणखी पुढे आहे. तोहरू सगळ्यांची सेवा करते, सतत हसतमुख असते. अशी मुलगी गुणी म्हणून कुठल्याही कथेत गौरवली गेली असती. ताकाया तिच्या या चांगुलपणाच्या आत डोकावतात आणि दाखवतात की त्यात मेलेल्या आईला घट्ट धरून ठेवायची धडपड आहे, स्वतःसाठी काही मागायची भीती आहे. आणि युकी, ज्याला पहिल्या खंडापासून वाचक नायक समजत असतो, तो एका टप्प्यावर स्वतःशी कबूल करतो की मी हिच्यात प्रेयसी शोधत नव्हतो, मला कधी न मिळालेली आई शोधत होतो. या कबुलीनंतर तो तोहरूवर रागावत नाही, तिच्यापासून मोकळा होतो आणि स्वतःच्या पायावर उभा राहतो. प्रेम जुळणं हीच एक परिणती असते असं मानणाऱ्यांनी युकी वाचावा. प्रेम नव्हतं हे समजण्यानेही माणूस वाढतो.

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेते. 2016चा ‘सैराट’ इथल्या प्रत्येकाने पाहिला आहे. पहिल्या भागातली अर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, वर्गात दरारा ठेवते. आपण टाळ्या वाजवल्या. पण तो रुबाब कोणाचा होता? बराचसा तिच्या वडिलांचा, त्यांच्या वाड्याचा आणि सत्तेचा. नागराज मंजुळे यांनी दुसऱ्या भागात तिला हैदराबादच्या झोपडवस्तीत नेलं आणि तो सगळा काढून घेतला. तिथे ती रडते, घाण सोसते, मग पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परकी भाषा शिकते, चार पैसे मिळवते. आता जे तिच्याजवळ आहे ते कुणाच्या नावावरचं नाही. परश्या संशय घेतो, हात उगारतो, तेव्हा ती घर सोडून निघते. सिनेमा त्या मारण्याला प्रेम म्हणत नाही. मुलीचं वाढणं कसं दाखवावं याचा हा मराठीतला उत्तम नमुना आहे, आणि म्हणूनच शेवट इतका असह्य होतो. जग मारतं ते वाढलेल्या, उभ्या राहिलेल्या माणसांना मारतं, हे आपल्याला तोवर कळलेलं असतं.

कुणी म्हणेल, ‘ताई, मुली विरंगुळा म्हणून वाचतात, त्यात एवढी चिकित्सा कशाला?’ विरंगुळा मला मान्यच आहे. दिवसभर अभ्यास आणि घरकाम करून रात्री फुलांच्या पानांत हरवणाऱ्या मुलीकडून मी ते सुख काढून घेणार नाही. पण प्रेम कसं असतं याचं पहिलं शिक्षण मुलींना आई देत नाही, शाळा देत नाही. ते या कथांतून मिळतं. ज्या पुस्तकाने आपल्या लेकीला इतकं महत्त्वाचं काही शिकवायला घेतलं आहे, त्याची पारख आपण सोडून द्यायची का?

आईवडिलांना माझी विनंती आहे, हातातलं पुस्तक हिसकावू नका. एक खंड तिच्याकडून मागून घ्या, तिच्याकडूनच समजून घ्या आणि मग तिला विचारा: या मुलीला मैत्रिणी आहेत का? तिला स्वतःचं काही करायचं आहे का? तिने नाही म्हटलं तेव्हा कुणी ऐकलं का? तो बदलला, तर त्याची किंमत कोणी मोजली? आणि मुलींनो, हे प्रश्न आईने विचारायची वाट पाहू नका. तुम्ही स्वतः विचारा, लिहून काढा, मैत्रिणींशी वाद घाला. एखादी कथा फार आवडली आणि तरी ती या कसोटीला उतरली नाही, तर तेही म्हणायला शिका. आवडणं आणि चांगलं असणं वेगळं ठेवता येऊ लागलं की वाचक तयार होतो. अशी सवय लागलेली मुलगी उद्या समोर उभ्या राहिलेल्या खऱ्या माणसाचीही पारख करील, आणि त्या वेळी तिचा निर्णय तिचा असेल. मला या कथांकडून एवढंच हवं आहे आणि ते फार मोठं आहे.